मोरगावच्या वाटेवर नऊवारीची गोष्ट

अष्टविनायकांची यात्रा मोरगावच्या मयूरेश्वरापासून सुरू करायची, बाकीचे सात गणपती करायचे आणि पुन्हा मोरगावलाच येऊन ती पुरी करायची, असा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळं घरात नवी सून आली, मुलगा दहावी पास झाला, दारात गाडी उभी राहिली, की आपली पावलं मोरगावकडं वळतात. पुण्याहून सासवड-जेजुरी करत गेलं तर पासष्टेक किलोमीटर, बारामतीहून पस्तीसेक, जेजुरीहून सतरा. जाताना पिशवीत दशम्या, येताना पेढ्यांचा पुडा. दर्शन झालं की आपण घड्याळ बघतो आणि सिद्धटेकच्या रस्त्याला लागतो.

मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला ह्याच मोरगावला नेणार आहे, पण जरा वेगळ्या कामासाठी. आपल्याला एक पोशाख बघायचा आहे. नाचाची नऊवारी! "देवाच्या गावाला निघायचं आणि नाचाचं काय काढलंत बाई?" असं तुमच्यातली एखादी म्हणेलच. थोडा धीर धरा. मोरगावचा गणपती आणि नाचणारीची नऊवारी ह्यांचं नातं आपण समजतो त्याहून जवळचं आहे.

आधी देवळात जाऊ. बाजारपेठेतून दूर्वा, जास्वंद, नारळ घेत चालत गेलं, की समोर देवळाचा उंच दगडी तट दिसतो. चारी कोपऱ्यांना चार मनोरे आहेत. देऊळ उत्तराभिमुख. पायऱ्यांशी मोठा उंदीर आणि त्याच्यासमोर भलाथोरला नंदी. गणपतीपुढं नंदी कसा, हा प्रश्न मुलं हटकून विचारतात. गावात सांगतात, की हा नंदी एका शंकराच्या देवळासाठी नेत होते, वाटेत इथं गाडा मोडला आणि नंदी जो बसला तो उठेचना. वर नगारखाना. आत मूर्तीच्या डोळ्यांत आणि बेंबीत हिरे बसवलेले आहेत, मस्तकावर नागाची फणा. मोरया गोसावींच्या परंपरेनं चिंचवडच्या मंगलमूर्तींची पालखी भाद्रपदात आणि माघात इथं येते. जवळून कऱ्हा वाहते. पाऊस बरा झाला तर वाहते म्हणायचं, एरवी तिचा खडकच दिसतो.

आता नातं सांगते. आपल्या तमाशाची सुरुवात कशानं होते ठाऊक आहे ना? गणानं. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, असा पूर्वापार क्रम. ढोलकी, हलगी, तुणतुणं लागलं की शाहीर आणि त्याचे साथीदार गणपतीला आवाहन करतात. त्या वेळी नाचणाऱ्या बायका आत तयार होऊन उभ्या असतात. पायांतले चाळ बांधण्याआधी कपाळाला लावलेले असतात. म्हणजे आपण वर्षातून एकदा ज्या देवापासून यात्रेला सुरुवात करतो, त्याच देवाच्या नावानं ती बाई रोज रात्री कामाला सुरुवात करते.

एका संकष्टीला मी दर्शन आटोपून बाजूला बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या नुसत्या नेसणी बघत राहिले. तुम्हीही एकदा बघा, फार मौज वाटते. सुप्याकडच्या, मुर्टीकडच्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या दोन-चार म्हाताऱ्या अजून नऊवारीतच होत्या. त्यांचा कासोटा पक्का, लुगडं पोटऱ्यांच्या वर ओढलेलं, म्हणजे रानात वाफ्यातून चालताना काठ चिखलात लडबडू नये. एका लग्नघरच्या वऱ्हाडात नवरीमुलगी ब्राह्मणी पद्धतीच्या नऊवारीत, ओचे नीट काढलेले, काठ घोट्याशी. बाकी आम्ही सगळ्या सहावारीत नाहीतर पंजाबी ड्रेसमध्ये. तीन पिढ्यांचा हिशेब त्या पायऱ्यांवर दिसत होता. आजी सकच्छ नेसली, आई 'गोल पातळ' नेसली, आणि आम्ही सलवार घालून मोकळ्या झालो.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याला ना शिवण, ना नाडी, ना बटण. कमरेला गाठ मारायची, पुढं निऱ्या, आणि मधला भाग पायांमधून मागं नेऊन खोचायचा. झाला कासोटा. एकाच अखंड कापडातून दोन पाय मोकळे होतात. घोड्यावर बसता येतं, विहिरीत उतरता येतं, उकिडवं बसून भाकरी थापता येते आणि नाचताही येतं. नाचणारीनं त्यात आपल्यापुरते फेरफार केले. कंबर आणि मांड्यांशी लुगडं घट्ट आवळलं, पदर कमरेभोवती घेऊन कमरपट्ट्याखाली दाबला, आणि काठ घोट्याच्या वर असा ठेवला, की चाळ पूर्ण दिसावेत. लावणी कानानं ऐकायची तशी पावलांकडं बघून समजून घ्यायची असते. ढोलकीवाला आणि तिची पावलं ह्यांचा सवाल-जवाब चाललेला असतो. पावलंच झाकली तर मग बघणार काय?

बैठकीच्या लावणीत मात्र बाई बसून अदा करते. तिथं सगळं काम डोळ्यांचं, भुवयांचं आणि हाताचं. त्यामुळं नऊवारीचा घेर आणि पदराची मांडणी ह्यांना महत्त्व येतं. वाईच्या यमुनाबाई वाईकर ह्या बैठकीच्या लावणीच्या थोर कलावंत. एकच ओळ अनेक तऱ्हांनी बसल्या जागी उलगडून दाखवणं ही त्यांची खासियत.

मोरगावच्या चारी वाटांवर हा पोशाख आपल्याला भेटतो. पश्चिमेला जेजुरी. तिथं खंडोबाच्या जागरणात वाघ्याबरोबर मुरळी नाचते. तिचीही नऊवारीच, हातात घोळ, कपाळी भंडारा. पूर्वी नवसापोटी लहान मुली देवाला सोडत आणि त्यांच्या आयुष्याचं पुढं काय होई ते सांगायला नको. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, २००५ साली महाराष्ट्रानं ही प्रथाच मोडून काढण्यासाठी नवा कायदा केला. उत्तरेला सुपे ओलांडून वीस-पंचवीस किलोमीटरवर चौफुला, पुणे-सोलापूर रस्त्यावरचा. चौफुल्याची कला केंद्रं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तिथं वग नसतो, नुसती संगीत बारी. पेटी, ढोलकी, चार-पाच बायका, आणि समोरच्यांची फर्माईश. ढोलकी फडाचा तमाशा निराळा. तो जत्रा-जत्रांतून फिरतो, त्याच्या राहुट्या गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथं येऊन सुपारी देतात.

आपल्यापैकी बहुतेकजणी चौफुल्यावरून शंभरदा गेलेल्या असतील. एसटीच्या खिडकीतून पाट्या वाचल्या असतील आणि शेजारी मुलं असतील तर नजर दुसरीकडं वळवली असेल. 'तसल्या बायका' हा शब्द आपल्याकडं फार सोपा आहे. पण त्या नेसतात ते लुगडं आपल्या आजीचंच आहे, आणि त्याची गोष्ट ऐकण्याजोगी आहे.

ही नऊवारी नेसून आधी बायका नाचत नव्हत्या, पुरुष नाचत होते! पेशवाईच्या उत्तरार्धात रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ ह्या शाहिरांनी लावणी गाजवली. फडावर स्त्रीवेष घेऊन नाचे ते 'नाच्या पोऱ्या'. लुगडं, चोळी, नथ, चाळ सगळं तोच घाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पठ्ठे बापूरावांच्या फडावर पवळाबाई हिवरगावकर उभ्या राहिल्या आणि लोकांची झुंबड उडाली. बापूराव कुलकर्णी घराण्यातले ब्राह्मण, पवळाबाई महार समाजातल्या. दोघांच्या जोडीनं त्या काळी केवढी खळबळ उडवली असेल, कल्पना करा.

त्याच सुमारास शहरात दुसरी एक नऊवारी गाजत होती. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे आपले बालगंधर्व ह्यांची. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्व रंगमंचावर शालू नेसून येत ते बघून घरंदाज बायका पदर कसा घ्यायचा, अंबाडा कसा बांधायचा, गजरा कुठं माळायचा हे शिकल्या. पुरुषानं नऊवारी कशी नेसावी ते दाखवलं आणि आपल्या पणज्यांनी ते मान डोलावून उचललं. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं, आणि ते योग्यच झालं. पण त्यांच्या काळात फडावर तेच लुगडं नेसून रात्रभर नाचणाऱ्या बाईचा पदर उचलायला कुठली घरंदाज बाई धजली असती?

स्वातंत्र्य आल्याबरोबर, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. पुढं ती उठली, पण मधल्या काळात किती चुली विझल्या असतील! गंमत म्हणजे ज्या काळात खरा तमाशा असा अडचणीत होता, त्याच काळात पडद्यावरचा तमाशा भरभरून चालला. १९४७ सालचा 'लोकशाहीर रामजोशी', त्यात हंसा वाडकर. १९५१ सालचा 'अमर भूपाळी'. १९५९ साली अनंत माने ह्यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. हे सगळे चित्रपट काळे-पांढरे. मग १९७२ साली व्ही. शांताराम ह्यांचा 'पिंजरा' रंगांत आला आणि संध्या ह्यांच्या नऊवारीचे भडक रंग, लखलखती जर लोकांनी डोळे भरून पाहिली. २०१० च्या 'नटरंग'नं तर एका नाच्याचीच कहाणी सांगितली. तेव्हापासून शाळा-कॉलेजांच्या संमेलनात लावणी नसेल तर संमेलन झालं असं कुणी म्हणत नाही.

लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण ह्यांचीही ह्यात आठवण येते. शृंगारानं ओसंडणारी लावणी त्या डोक्यावर पदर घेऊन, एका जागी उभं राहून गात. गाण्यातली बाई कितीही खट्याळ असली तरी गाणारीचा पदर ढळत नसे. असा पदर घेतल्याशिवाय समाज आपलं म्हणत नाही, हे त्या काळच्या कलावंत बायकांना पुरतं ठाऊक असलं पाहिजे.

आता चला जरा बारामतीच्या बाजारात. तिथल्या एका लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाच्या काचेत मी दोन पोशाख शेजारी टांगलेले पाहिले आणि थबकलेच. एक होती शिवलेली नऊवारी, दोन वर्षांच्या मुलीपासूनच्या मापांत मिळणारी, नाडीची. दुसरा होता गुलाबी जाळीचा फुलारलेला 'टुटू फ्रॉक'. वाढदिवसाला हल्ली छोट्या मुली हा घालतात. घरी येऊन मुलांच्या पुस्तकांत आणि वाचनालयात ह्या टुटूचा माग काढला. वाचता वाचता वाटलं, ही तर आपलीच गोष्ट, फक्त गाव वेगळं!

टुटू म्हणजे युरोपातल्या बॅले नाचाचा झगा. तिकडंही आधी बायकांचे झगे पायघोळ होते. अठराव्या शतकात मारी कामार्गो नावाच्या नर्तकीनं आपला झगा घोट्याच्या वर घेतला, कारण तिची नाजूक पावलं लोकांना दिसेनात. केवढा गहजब झाला! मग १८३२ साली पॅरिसला मारी ताल्योनी 'ला सिल्फीद' ह्या बॅलेत पांढऱ्या तलम मलमलीच्या थरांच्या, पोटरीपर्यंतच्या झग्यात नाचली आणि तोच बॅलेचा पोशाख ठरला. पुढं पायांच्या चवड्यांवरच्या गिरक्या अवघड होत गेल्या तसा झगा गुडघ्यावर चढला, आणि विसाव्या शतकात तर कमरेभोवती ताटासारखा आडवा पसरला. पावलं दिसावीत म्हणून आपल्या बाईनं नऊवारीचा काठ वर घेतला, तिकडच्या बाईनं घेर वर घेतला. नाच कुठलाही असो, पोशाखाचं माप पाय ठरवतात.

त्या सुंदर झग्याखाली सोसणं किती होतं, तेही ऐका. तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे असत आणि मलमल भुर्रकन पेट घेई. आग लागू नये म्हणून कापडावर औषधाचा लेप देत, पण त्यानं झगा मळकट आणि ताठ दिसे. एमा लिव्री ह्या गुणी मुलीनं तो नाकारला. १८६२ साली तालमीच्या वेळी तिच्या झग्यानं पेट घेतला, आठ महिने तळमळून वयाच्या विसाव्या वर्षी ती गेली. पॅरिसच्या त्या नाचशाळेत येणाऱ्या बहुतेक मुली गरिबाघरच्या. पैसेवाल्या वर्गणीदारांना पडद्यामागं, मुलींच्या खोलीपर्यंत जायची मुभा असे. आपल्याकडं दौलतजादा करणारे पुढच्या रांगेत बसत, तिकडचे थेट आत जात, एवढाच फरक! एदगार देगा ह्या चित्रकारानं अशाच एका धोबिणीच्या चौदा वर्षांच्या मुलीचा मेणाचा पुतळा केला आणि त्याला खऱ्या कापडाचा टुटू नेसवला. १८८१ साली तो मांडला तेव्हा प्रतिष्ठित पॅरिसकरांनी नाकं मुरडली. त्याच टुटूची जाळी आज आपल्या बारामतीत वाढदिवसाच्या केकसमोर मिरवते.

आपल्याच देशात दक्षिणेलाही असंच घडलं. देवळांतल्या देवदासी जो सदिर नाचत तो हलका समजला जाई. १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी तो मंचावर केला, पुढच्या वर्षी मद्रासजवळ अड्यारला कलाक्षेत्राची सुरुवात केली, साडीऐवजी बेतून शिवलेला पोशाख आणला. त्यालाच आपण भरतनाट्यम् म्हणून माना डोलावतो आणि मुलींना हौसेनं क्लासला घालतो. नाच तरला, ही त्यांची पुण्याईच. पण ज्या घरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला, तिथल्या कितीतरी बायका मागं पडल्या.

म्हणजे बघा, पॅरिस असो, मद्रास असो की चौफुला. पोशाखाला मान आधी मिळतो आणि नेसणारीला फार उशिरा. कधी मिळतही नाही. विठाबाई नारायणगावकरांचं उदाहरण घ्या. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा येऊन नाचल्या, असं सांगतात. राष्ट्रपतींच्या हातून त्यांना पुरस्कार मिळाला. तरी अखेरची वर्षं हलाखीत गेली आणि २००२ साली त्या वारल्या. त्यानंतर सरकारनं त्यांच्या नावानं मोठा पुरस्कार सुरू केला. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ साली. तेव्हा त्यांचं वय होतं शहाण्णव. सुलोचनाबाईंना ती मिळाली २०२२ साली, त्या गेल्या त्याच वर्षी.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगते. ह्याच भागातल्या एका शाळेत मी अर्धवेळ मराठी शिकवते. घरचं सगळं आवरून दुपारचे चार तास. संमेलन आलं की मुलींच्या नेसवण्याचं काम आपसूक माझ्याकडं येतं, कारण आजीनं मला नऊवारी नेसायला शिकवलेली. एका वर्षी नववीच्या मुलींनी लावणी बसवली. भाड्यानं आणलेल्या शिवलेल्या नऊवाऱ्या कुणाला ढगळ, कुणाला आखूड. रंगीत तालमीत एकीचा कासोटा निम्म्या गाण्यातच सुटायला आला. तेवढ्यात बाजूला उभी असलेली एक अबोल मुलगी पुढं झाली. तिनं मैत्रिणीच्या अंगावरचं ते शिवलेलं प्रकरण काढून टाकलं, माझ्या पिशवीतली साधी नऊवारी घेतली आणि दहा मिनिटांत अशी चापून नेसवली, की मी बघतच राहिले. "कुठं शिकलीस गं?" मी विचारलं. ती गप्प. मैत्रिणी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग उमगलं. तिची आई एका थिएटरात बारी करते.

मी त्या बाईंना निरोप धाडला. दुपारची वेळ बघून त्या आल्या, साध्या सुती सहावारीत, दोन्ही खांद्यांवर पदर. वर्गाच्या दारातच चपला काढून उभ्या. "बाई, मी आत आलेलं चालंल का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्या तासाभरात त्यांनी मला जे शिकवलं ते आजीनंही शिकवलं नव्हतं. कासोटा शेवटचा खोचण्याआधी मुलीला उकिडवं बसवून उठवायचं. बसताना ताणलं तर थोडं सोडायचं, उठल्यावर लोंबलं तर ओढायचं. "नाचताना लुगड्याची आठवन आली, की ताल चुकला," त्या म्हणाल्या. मुलींचे पाय त्यांनी हातानं धरून सारखे केले. एकीला हळूच म्हणाल्या, "बाळ, कंबर नंतर. आधी पावलाचं ऐक."

दुसऱ्या दिवशी दोन पालक आले. "असल्या बायकांना शाळेत कशाला बोलावता?" त्यांचा रोष स्पष्ट होता. "मग लावणी काढून टाकू या का?" मी विचारलं. "ती राहू दे की! पोरींनी एवढी मेहनत घेतली आहे," त्यांचं उत्तर. त्यांच्या दृष्टीनं त्यात विसंगती काहीच नव्हती. लावणी हवी, नऊवारी हवी, नथ-बुगडी हवी. ती जिच्याकडून आली ती बाई नको. मी त्यांना एवढंच म्हटलं, की शिकवायला आल्या त्या आमच्या पाहुण्या आहेत आणि संमेलनाला त्यांचंही आमंत्रण आहे. थोडी कुरबूर झाली, पण मुख्याध्यापकांनी माझं ऐकलं.

संमेलनाला त्या आल्या. पुढं खुर्ची ठेवली होती, पण शेवटच्या रांगेमागं, मांडवाच्या खांबाशी उभ्या राहिल्या. मुली नाचल्या, टाळ्या पडल्या, वन्स मोअर झाला. कासोटे जागच्या जागी! मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "हितंच बरं हाय बाई. पोरीला पुढं शिकायचंय. माझ्याकडं बोट नको." आणि गाणं संपताच सहाची गाडी गाठायला निघून गेल्या. रात्री त्यांची बारी होती.

ती मुलगी पुढं बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. एवढ्यानं सारं बदललं असं मी म्हणणार नाही. पण आईचं नाव ती शाळेच्या फॉर्मवर ठसठशीत अक्षरात लिहायची, ते मी पाहिलं आहे.

आता तुमच्या उपयोगाचं थोडं. मुलीला नाचासाठी नऊवारी नेसवायची असेल, तर शक्यतो शिवलेली घेऊ नका. थोडा सराव केलात तर खरी नेसवणं मुळीच अवघड नाही. सुळसुळीत कापड टाळा. सुती किंवा सुती-रेशमी मिश्र, हलकी खळ दिलेली असली की गाठ सरकत नाही. आतून गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी घालावी. काठ घोट्याच्या चार बोटं वर. पिन लावायच्या त्या कमरेशी आणि खांद्यावर. कासोट्याला लावू नयेत, नाचताना कापड फाटतं. उकिडवं बसवून बघायला विसरू नका. चाळ बांधण्याआधी घोट्यांना जाड सुती पट्टी गुंडाळावी, म्हणजे कातडी सोलत नाही. जरीचं लुगडं नाचून आल्यावर लगेच घडी करू नका. सावलीत वाऱ्यावर घाम वाळू द्या. मग जरीवर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री करा आणि जुन्या मलमलीच्या धोतरात गुंडाळून ठेवा. तीन-चार महिन्यांनी घडी बदलली की जर चिरत नाही. अत्तर किंवा सेंट जरीवर कधी मारू नका, ती काळी पडते.

आणि मोरगावला निघालात तर सकाळी लवकर या, म्हणजे ऊनही नसतं आणि गर्दीही. संकष्टी-चतुर्थीला मात्र रांगेची तयारी ठेवून या. भाद्रपद आणि माघातल्या यात्रेला आलात तर पालखी बघायला मिळेल. दर्शनाला आलेल्या बायकांत एखादी सडसडीत बांध्याची, डोळ्यांत जागरण असलेली, मुलाचा हात धरून रांगेत उभी असेल. ती शेतावर मजुरीला जाणारी असेल, नर्स असेल, किंवा रात्रीची बारी करून सुप्याच्या पहिल्या गाडीनं आलेली असेल. तिला नुसतं "या, पुढं या" म्हणा. लेकीला नऊवारी नेसवताना, नथ अडकवता अडकवता, पवळाबाईंचं, विठाबाईंचं, यमुनाबाईंचं नाव तिच्या कानावर घाला. फोटो काढायच्या आधी, बरं का. नंतर तिला सवड नसते.